पारा एकच, उन्हाळे वेगळे

मे महिना लागला की आमच्या पाचोऱ्यात सकाळी वर्तमानपत्र हाती येताच पहिली नजर जाते ती तापमानाच्या चौकटीकडे. जळगाव ४४, भुसावळ ४५ असे आकडे तेथे छापलेले असतात. चहाच्या टपरीवर, रेल्वे फलाटावर, बाजारात दिवसभर त्यांचीच चर्चा. आकडा मोठा असला की आम्हा खान्देशवासीयांना उगाच थोडा अभिमानही वाटतो! हिवरा नदीचे पात्र तोवर कोरडे पडलेले असते, दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात आणि घराघरांतून कूलरची घरघर ऐकू येते.

पण विद्यार्थी मित्रहो, हा ४४ अंशांचा आकडा नेमका कशाचा असतो, याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय?

पेटीतील तापमान

वेधशाळेच्या मोकळ्या मैदानात एक पांढरी रंगवलेली लाकडी पेटी असते. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ती चार पायांवर उभी असते. तिच्या चारही बाजूंना खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या पट्ट्या असतात. त्यांतून वारा आत खेळतो, ऊन मात्र आत शिरत नाही. या पेटीतील तापमापक जे तापमान दाखवतो ते हवेचे तापमान. तेच वर्तमानपत्रात छापले जाते.

अशी पेटी का हवी? समजा, जळगावचा तापमापक उन्हात ठेवला, पुण्याचा झाडाखाली आणि चेन्नईचा गच्चीवर, तर या तीन आकड्यांची तुलना निरर्थक ठरेल. तुलना करायची तर सर्व ठिकाणी मोजण्याची परिस्थिती सारखी हवी. विज्ञानाचा हा पहिला धडा आहे आणि पेटीची योजना त्याला धरूनच आहे. भारतीय हवामान खात्याच्या नियमाप्रमाणे मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश असेल आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक वर गेले असेल, तर उष्णतेची लाट मानतात. पारा ४५ अंशांवर गेला, तर सरासरी न पाहताही लाट आली असे समजतात. हे सारे त्या पेटीतील पाऱ्यावरून ठरते.

मात्र त्या पेटीत कोणीच राहत नाही. माणसे राहतात ती पत्र्याखाली, स्लॅबखाली, धाब्याच्या घरात. काम करतात ती शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर. हवा सर्वांना एकच असली, तरी प्रत्येकाच्या अंगावर येणारी उष्णता एकच नसते. या लेखात आपण हा फरक मोजायला शिकणार आहोत. फरक मोजता आला म्हणजे ‘हा फरक कोणाच्या वाट्याला आणि का?’ हा पुढचा प्रश्न आपोआपच समोर येतो.

मी केलेली एक चूक

काही वर्षांपूर्वी पाचोऱ्याजवळच्या एका शाळेत नववीच्या वर्गाला उष्णतेच्या वहनाविषयी सांगण्यासाठी मी गेलो होतो. उदाहरण जवळचे असावे म्हणून मी सहज विचारले, “तुमच्यापैकी कोणाकोणाचे घर पत्र्याचे आहे? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. वर्गात निदान निम्म्या मुलांची घरे पत्र्याची असावीत, हे मला येताना रस्त्यावरूनच दिसले होते. मुले एकमेकांकडे चोरून पाहत होती. कोणी पाटीकडे, कोणी बाकाकडे. माझा प्रश्न पदार्थविज्ञानाचा होता, पण मुलांच्या कानांना तो ‘तुमच्यापैकी गरीब कोण?’ असा ऐकू आला होता.

तास संपल्यावर एक मुलगी बाहेर ओट्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, “सर, पेपरात ४४ लिहितात. आमच्या घरात तेवढंच नसतं. दुपारी आई आम्हाला निंबाखाली नेऊन बसवते.”

तिने जे सांगितले ते माझ्या पाऊण तासाच्या व्याख्यानात नव्हते. हा लेख खरे म्हणजे तिच्या त्या वाक्याचे उत्तर आहे.

तीन छपरे

उष्णता तीन रीतींनी प्रवास करते: वहन, अभिसरण आणि प्रारण. छपराच्या बाबतीत या तिन्हींचे काम पाहू.

मे महिन्यात भर दुपारी आपल्याकडे दर चौरस मीटरवर सुमारे ९०० वॅट एवढी सौरऊर्जा पडते. जुना, गंजलेला पत्रा त्यातील साधारण ७० टक्के, म्हणजे ६३० वॅट शोषून घेतो. पत्र्याची जाडी अर्धा मिलिमीटर, शिवाय धातू हा उष्णतेचा सुवाहक. म्हणून वरच्या बाजूची उष्णता खालच्या बाजूला येण्यास काही क्षणच पुरतात. असा पत्रा ६० ते ६५ अंशांपर्यंत तापतो.

आता हा तापलेला पत्रा खाली प्रारण करू लागतो. स्टीफन-बोल्ट्झमन यांच्या नियमाप्रमाणे वस्तूने उत्सर्जित केलेली ऊर्जा तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. ६५ अंश सेल्सिअस म्हणजे ३३८ केल्विन. या तापमानाला काळी वस्तू दर चौरस मीटरमधून सुमारे ७४० वॅट बाहेर टाकते. खोलीतील जमीन, भांडी, माणसे ४० अंशांच्या म्हणजे ३१३ केल्विनच्या आसपास धरली, तर ती सुमारे ५४५ वॅट परत पाठवतात. वजाबाकी केली तर जवळजवळ २०० वॅट उरतात. दहा फूट गुणिले बारा फूट खोलीवर सुमारे ११ चौरस मीटर पत्रा असतो. म्हणजे खोलीत २,२०० वॅट येतात! पत्रा पूर्ण काळ्या वस्तूसारखा नसतो, म्हणून थोडी वजावट करून आपण पावणेदोन ते दोन हजार वॅट धरू. याचा साधा अर्थ असा की, मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत राहणे म्हणजे छताला एक-एक किलोवॅटचे दोन हीटर टांगून खाली बसण्यासारखे आहे. हवेचे तापमान ४४ असेलही, पण डोक्यावरून येणारे हे प्रारण पेटीतील तापमापकाला दिसतच नाही.

आता धाब्याच्या घराकडे वळू. जुन्या खान्देशात हीच घरे सर्वत्र होती. लाकडी सरे, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर एक फूटभर मातीचा थर. माती उष्णतेची मंदवाहक आणि जडही. दिवसाची उष्णता लाटेसारखी तिच्यात खाली उतरते आणि उतरता उतरता विरत जाते. कोरड्या मातीच्या गुणधर्मांवरून गणित केले तर असे दिसते की, दर आठ सेंटिमीटरला ही लाट निम्मी होते. आठ सेंटिमीटरवर निम्मी, सोळावर पाव, चोवीसवर एक अष्टमांश. तीस सेंटिमीटर खाली पोहोचेपर्यंत ती मूळच्या तेराव्या हिश्श्याएवढीच उरते. शिवाय तिला पोहोचायला सुमारे दहा तास लागतात. दुपारी एकची उष्णता आत येते रात्री अकराला! तोवर घरची मंडळी अंगणात किंवा धाब्यावर अंथरूण टाकून आकाशातील तारे मोजत असतात. आपल्या पूर्वजांनी हे समीकरण मांडले नव्हते, पण त्याचे उत्तर त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

काँक्रीटचा स्लॅब या दोहोंच्या मधला. चार-पाच इंची स्लॅबमधून लाट खाली येते तेव्हा तिचा सुमारे ४० टक्के जोर शिल्लक असतो आणि तिला तीन-साडेतीन तास लागतात. म्हणूनच स्लॅबची घरे दुपारपेक्षा संध्याकाळी आणि रात्री अधिक तापलेली वाटतात. येथे पत्र्याची एक बाजूही सांगितली पाहिजे. पत्रा जितक्या लवकर तापतो तितक्याच लवकर निवतो. पहाटे पत्र्याची खोली स्लॅबच्या खोलीपेक्षा थंड असू शकते.

मग धाब्याची घरे कमी का झाली? त्यांना जाड लाकूड लागते आणि ते महाग झाले. दर पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकावी लागते, नाहीतर धाबे गळते. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला हा खर्च आणि हा वेळ परवडत नाही. पत्रा एकदा टाकला की काम झाले. ज्याच्याजवळ पैसा आहे तो स्लॅब टाकून वर कूलर किंवा वातानुकूल यंत्र बसवतो. ज्याच्याजवळ नाही त्याच्या वाट्याला ते दोन हीटर येतात.

घामाचा हिशेब

आता छपराखालून शरीराकडे येऊ. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करते. खणणे, ओझी वाहणे अशी कष्टाची कामे करताना ती ३०० वॅट किंवा अधिक होते. ही उष्णता बाहेर टाकली नाही तर शरीराचे तापमान वाढत जाईल. थंडीत हे काम सोपे असते, कारण हवा त्वचेपेक्षा थंड असते. पण त्वचेचे तापमान ३५ अंश आणि हवेचे ४४ असेल तर उष्णता उलट हवेकडून शरीरात येते. मग पंखादेखील गरम हवाच अंगावर ढकलतो. पारा ४० च्या पुढे गेल्यावर केवळ पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते ते यामुळेच.

अशा वेळी एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ही पाण्याची अप्रकट उष्मा. आता हिशेब करा. १०० वॅट म्हणजे तासाला ३६० किलोज्यूल. त्यासाठी १५० मिलिलिटर घाम पुरे. ३०० वॅटसाठी ४५० मिलिलिटर लागतो. वरून ऊन आणि गरम वारा यांची भर धरली तर शेतात काम करणाऱ्या माणसाला तासाला जवळजवळ एक लिटर घाम गाळावा लागतो. सहा तासांच्या कामाला सहा लिटर! तेवढे पाणी आणि थोडे मीठ पोटात गेलेच पाहिजे. शेतमजूर स्त्रिया पुष्कळदा मुद्दाम कमी पाणी पितात, कारण शेतावर आडोशाची सोय नसते. म्हणजे शौचालयाचा प्रश्नही उष्णतेच्या गणितात येऊन बसतो.

घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. तो किती वाळेल हे हवेच्या आर्द्रतेवर अवलंबून असते. यासाठी तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून तापमान मोजतात. हवा ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २३ अंश येते. हवा ३८ अंश पण आर्द्रता ४५ टक्के असेल तर ते २८ येते. म्हणजे हवा सहा अंशांनी थंड असूनही ओला फुगा पाच अंशांनी अधिक तापलेला! १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर भरलेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने बाराहून अधिक माणसे दगावली. त्या दिवशी परिसरातील कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. खान्देशात ३८ म्हणजे आपण ‘आज बरे आहे’ म्हणतो. तासन् तास डोक्यावर ऊन आणि भोवती समुद्रकाठची दमट हवा असली की हाच आकडा जीवघेणा ठरू शकतो.

आपला कूलरही घामाच्याच तत्त्वावर चालतो. ओल्या गवतातून कोरडी हवा ओढली की पाणी वाळते आणि हवा थंड होते. ४४ अंशांची कोरडी हवा तो २८ अंशांपर्यंत आणू शकतो. म्हणूनच कूलर जळगावला चालतो, रत्नागिरीला चालत नाही. पण मध्यम आकाराचा कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो. आठ तास चालवला तर शंभर लिटरच्या घरात. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने ठरवलेले प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. म्हणजे एक कूलर दिवसाकाठी दोन माणसांचे पाणी पितो. ज्या वस्तीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, तेथे फुकट मिळालेला कूलरही कोरडाच राहील.

गारवा कोणाचा, उष्णता कोणाला?

वातानुकूल यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. ऊर्जा नष्ट होत नाही, हे आपण शिकलो आहोत. ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते, एवढेच. ‘दीड टनी’ यंत्र म्हणजे चोवीस तासांत दीड टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषली जाईल तेवढी उचलणारे यंत्र. हा वेग सुमारे सव्वापाच किलोवॅट होतो. त्यात यंत्राला लागणारी दीड किलोवॅट वीज मिळवा. पूर्ण जोराने चालताना ते जवळजवळ पावणेसात किलोवॅट उष्णता गल्लीत सोडते. समोरच खिडकी असलेल्या शेजाऱ्याला ही भेट न मागता मिळते.

शिवाय वीज येते कोठून? आपल्या जिल्ह्यातच भुसावळजवळ दीपनगर येथे कोळशावर चालणारे मोठे वीजकेंद्र आहे. कोळशापासून एक युनिट वीज तयार करताना सुमारे एक किलो कार्बन डायॉक्साइड वायू हवेत जातो. वातानुकूल यंत्राने रात्रभरात दहा युनिटे वापरली तर दहा किलो. कूलरने एक-सव्वा युनिट वापरले तर एक किलोच्या आसपास. पंख्याने त्याच्याही निम्मे.

हा वायू सूर्यप्रकाशाला आत येऊ देतो, पण पृथ्वीकडून परत जाणाऱ्या अवरक्त प्रारणाला अडवतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. भारताच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात आपल्या देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले.

‘फक्त ०.७?’ असे तुम्ही म्हणाल. एक उदाहरण घ्या. वर्गातील प्रत्येकाला परीक्षेत पाच गुण वाढवून दिले, तर वर्गाची सरासरी पाचच गुणांनी वाढेल. पण नव्वदच्या वर गुण मिळवणाऱ्यांची संख्या कदाचित दुप्पट होईल. उष्णतेचेही तसेच आहे. सरासरी थोडी सरकली की पराकाष्ठेचे दिवस पुष्कळ वाढतात.

ही वाढ कोणामुळे झाली? हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालात (२०२२) एक हिशेब दिला आहे. जगातील सर्वांत श्रीमंत १० टक्के कुटुंबांच्या उपभोगातून एकूण हरितगृह वायूंपैकी ३४ ते ४५ टक्के वायू बाहेर पडतात. खालच्या ५० टक्के कुटुंबांचा वाटा अवघा १३ ते १५ टक्के आहे. देशांकडे पाहिले तरी हेच दिसते. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायॉक्साइड सोडला जातो, भारतात सुमारे २ टन. आणि आपल्या देशातही हे २ टन सर्वांत सारखे वाटलेले नाहीत.

न्यायाचा प्रश्न येथे येतो

ज्याने उष्णता वाढवली त्याला सावली आणि ज्याने वाढवली नाही त्याला ऊन, अशी वाटणी झाली तर तिला काय म्हणावे? या प्रश्नाच्या अभ्यासाला ‘पर्यावरणीय न्याय’ असे नाव आहे. १९८२ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील वॉरेन परगण्यात, जेथे बहुसंख्य वस्ती गरीब कृष्णवर्णीयांची होती, तेथे विषारी माती पुरण्याचे सरकारने ठरवले. लोक रस्त्यावर आडवे झाले, शेकडो जणांना अटक झाली. हे शब्द जगभर पोहोचण्यास तेथून सुरुवात झाली. आपल्याकडे २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला. हवेपेक्षा जड असा तो वायू जमिनीलगत पसरला आणि प्रथम शिरला तो कारखान्याला लागून असलेल्या झोपड्यांत. वायूला श्रीमंत-गरीब कळत नाही हे खरे. पण कारखान्याच्या भिंतीला लागून कोण राहतो, हे वायू ठरवत नाही, समाज ठरवतो.

आपल्या न्यायालयांनीही या विषयाची दखल घेतली आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा असा आदेश दिला. तुमच्या अभ्यासक्रमात पर्यावरण आले आहे त्यामागे हा आदेश आहे. पुढे मार्च २०२४ मध्ये, माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाबाबतच्या खटल्यात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ व्या आणि २१ व्या कलमांतून निघतो, असे याच न्यायालयाने म्हटले. २१ वे कलम जीविताचे, तर १४ वे समानतेचे. उष्णतेच्या प्रश्नात समानतेचे कलम का यावे, हे आता तुम्हाला सांगायला नको.

तरीही वर्गात पर्यावरणाचा तास अनेकदा ‘झाडे लावा’, ‘पाणी जपून वापरा’ या घोषणांवरच संपतो. घोषणा चुकीच्या नाहीत. पण ज्याच्या घरी दोन हंडे पाणी येते आणि ज्याच्या अंगणात गाडी धुतली जाते, त्या दोघांना एकाच सुरात ‘पाणी जपून वापरा’ सांगणे हे मोजमाप न करता दिलेले औषध होय.

वर्गात करून पाहा

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विनंती अशी की, मी केलेली चूक करू नका. मुलांची घरे प्रयोगाला घेऊ नका, घरांच्या प्रतिकृती घ्या.

१. जोड्यांची सारख्या आकाराची चार रिकामी खोकी घ्या. त्यांची झाकणे काढा. पहिल्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा, दुसऱ्यावर तसाच पण चुना लावलेला पत्रा, तिसऱ्यावर पत्रा आणि त्यावर ओले गोणपाट ठेवा. चौथ्यावर काटक्या अंथरून पाच सेंटिमीटर मातीचा थर द्या. पत्र्याच्या कडा दुमडून घ्या, हाताला कापतात.

२. प्रत्येक खोक्याच्या बाजूला भोक पाडून प्रयोगशाळेतील तापमापक आत सरकवा. त्याचा फुगा छपराला टेकू देऊ नका. ताप मोजण्याचा डॉक्टरी तापमापक मुळीच वापरू नका. त्याची मर्यादा ४२ अंशांची असते, पुढे तो फुटतो.

३. खोकी सकाळी दहाला उन्हात ठेवा आणि चारपर्यंत दर अर्ध्या तासाने तापमान लिहा. नोंदणाऱ्याने उन्हात थांबू नये, फक्त वाचून परत यावे. चारही आलेख एकाच कागदावर काढा. कोणता आलेख आधी चढतो? कोणाचे शिखर उशिरा येते?

४. हेच मोजमाप शाळेच्या निरनिराळ्या जागी करा. वरच्या मजल्याची खोली, खालची खोली, व्हरांडा, झाडाखाली. मग आपल्या वर्गांपैकी सर्वांत तापणारा कोणता आणि तेथे कोणती मुले बसतात, हे पाहा. खान्देशात मार्च उजाडला की सकाळची शाळा सुरू होते, पण २०२५ मध्ये राज्यातील पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालल्या. शाळा किती वाजता सुटावी, हा प्रश्न तुमच्या नोंदींच्या आधारे चर्चेला घेता येईल.

५. शेवटी आकडे आणि आलेख जोडून मुख्याध्यापकांना किंवा ग्रामपंचायतीला एक पत्र लिहा. मागणी छोटी आणि करता येण्याजोगी असावी. उदाहरणार्थ, मार्चपूर्वी पत्र्याच्या खोल्यांवर चुना मारणे. गंजलेला पत्रा ९०० पैकी ६३० वॅट शोषतो. ताजा चुना मारलेला सव्वादोनशेच्या आसपास. चुन्यात थोडा डिंक मिसळला की तो लवकर उडत नाही.

हे काही नुसते शाळेतले खेळणे नव्हे. मे २०१० च्या लाटेत अहमदाबाद शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या महानगरपालिकेने उष्णतेचा कृती आराखडा तयार केला. आधी सूचना, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी अशी त्याची कलमे आहेत. पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे कामही त्याला जोडले गेले. मोजणी आधी झाली, मग उपाय आले.

प्रश्न बदलला

पुढच्या वर्षी मी त्याच शाळेत पुन्हा गेलो. या वेळी खोकी बरोबर होती. आलेख काढून झाल्यावर मी वेगळा प्रश्न विचारला: “पत्र्याची खोली उन्हाळ्यात गार ठेवण्याच्या किती युक्त्या तुम्हाला ठाऊक आहेत?”

हात भराभर वर झाले. एकाने सांगितले, पत्र्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या पसरतात. दुसऱ्याने सांगितले, दोडक्याचा वेल चढवतात. कोणी गोणपाट ओले करण्याचे सांगितले, कोणी पत्र्याखाली जुन्या साड्यांचे छत बांधण्याचे. फळ्यावर नऊ युक्त्या झाल्या. मग आम्ही प्रत्येकीचे पदार्थविज्ञान शोधले. पऱ्हाट्या सावली देतात आणि मधली हवा मंदवाहक असते, पण ठिणगी पडली तर धोका. वेल सावली देतो आणि पानांतून पाणी वाळवतो. साडी पत्र्याचे प्रारण अडवते. त्या तासाला वर्गातील जाणकार कोण होते, हे वेगळे सांगायला नको. मागच्या वर्षी ज्यांनी माना खाली घातल्या होत्या, तीच मुले आता इतरांना समजावून देत होती.

मित्रहो, युक्त्या चांगल्या आहेत, पण त्यांवर समाधान मानू नका. दोडक्याच्या वेलाने दोन हीटरपैकी एक विझेल, दुसरा जळतच राहील. तो विझवायला चांगले छप्पर, पाणी, कामाच्या वेळा आणि कमी धूर लागतो, आणि या गोष्टी एकट्या कुटुंबाच्या हातात नसतात. त्यांसाठी गावाने, सरकारने आणि जगाने हलावे लागते. त्यांना हलवायचे तर हातात मोजलेले आकडे हवेत.

उद्या वर्तमानपत्रात तापमान वाचाल तेव्हा त्या आकड्याखाली आपल्या वहीत एक ओळ लिहा: हे तापमान पेटीतले. मग आपल्या वर्गातले, झाडाखालचे आणि खोक्यांतले आकडे तिच्याखाली मांडा. आठवडाभरात तुमच्याजवळ असा तक्ता तयार होईल, जो कोणत्याही वर्तमानपत्रात छापलेला नाही.